मांडवात कळलेले बाबा

वाचकाचे पत्र, थोडक्यात

वर्धा जिल्ह्यातील एका 31 वर्षांच्या वाचकाने लिहिले आहे. ते तालुक्याच्या गावी खासगी नोकरी करतात. वडील 63 वर्षांचे. धोतर, बंडी, टोपी, खांद्यावर दुपट्टा. बाजाराला जायचे तर एसटी. घरची 9 एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मे महिन्यात धाकट्या बहिणीचे लग्न झाले. अक्षता पडायच्या आधी नवरदेवाच्या काकांनी 5 लाखांचा विषय काढला. साक्षगंधात (साखरपुड्यात) असे काहीच ठरले नव्हते. बाबा एवढेच म्हणाले, "पोरीच्या लग्नात मी भाव करत नाई. वरात वापस न्याची असन तं न्या." मांडव तापला. हे काका गावोगाव फिरून विकत घेतलेला (खेडा खरेदीचा) कापूस ज्या जिनिंगला, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला घालतात, तिचे मालक तेवढ्यात आले, सगळ्यांदेखत बाबांच्या पाया पडले आणि म्हणाले, हे आमचे भागीदार, 1998 पासून 30 टक्के. काकांचा आवाज बसला, मागणी मिटली. ज्या बाबांना कोणी खुर्ची दिली नव्हती, त्यांना व्याह्यांनी हात धरून पंगतीत मधोमध बसवले. पुढे कळले की डांबरी रस्त्याला लागून आणखी 14 एकर बाबांच्याच नावे आहे.

वाचक विचारतात: मी साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज अजून फेडतो आहे, आईचे ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले, मग बाबांनी आम्हाला फसवले का? वाटणी मागावी का? चुलते म्हणतात, बहिणीचे लग्न लावून दिले, आता तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्या. बहिणीच्या सासरचे म्हणतात, जावयाला जिनिंगमध्ये घ्या, ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहा. लग्नानंतर सात नातेवाईक उसने मागून गेले. आणि पत्राच्या शेवटी: "लग्नाच्या सकाळी मीच बाबांना म्हटलं होतं, आज तरी पँट घाला."

उत्तर

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य आधी घेऊ, कारण बाकीच्या प्रश्नांच्या बुडाशी तेच आहे. तुम्ही बाबांवर रागावला आहात आणि त्या रागाला कारणही आहे. पण त्या रागात थोडी शरम मिसळली आहे. ज्या धोतराची सकाळी लाज वाटली, त्याच्यापुढे दुपारी जिनिंगचा मालक वाकला. ही शरम रागाच्या पोत्यात भरून बाबांच्या पुढ्यात ओतू नका. ती वेगळी काढा आणि वेगळी सांगा: "बाबा, तुमच्या कपड्यांची मला लाज वाटली, चुकलं माझं." त्या दिवशी पैशाचा, जमिनीचा एक शब्द काढू नका. हे बोलणे झाल्याशिवाय कागद मागायला गेलात, तर हिस्सा दिसला तेव्हाच पोराला बाप दिसला असे त्यांना वाटेल, आणि तसे वाटले तर त्यांची चूक नसेल.

आता फसवणुकीबद्दल. "बाबांकडे पैसा होता आणि त्यांनी दिला नाही" हे तुम्ही धरून चालला आहात. जिनिंगमध्ये 30 टक्के हिस्सा असणे आणि हातात पैसा असणे यांत बरेच अंतर असते. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी आणि किलो-दोन किलो घट. 170 किलोची एक गाठ बांधायला 5 क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. दसऱ्या-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज हा कापूस विकत घ्यायचा, शेतकऱ्याचे चुकारे वेळेवर द्यायचे आणि गाठी चांगल्या भावाची वाट बघत गोदामात ठेवायच्या. सगळे भांडवल या चक्रात फिरत राहते. रुईचा भाव पडला तर शिल्लक मालावर तोटा बसतो, जिनिंगला आगीची भीती कायमची, आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे (धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाचे) व्याज बाराही महिने चालू. कागदावर दिसणारा नफा बहुतेक वेळा भागीदाराच्या भांडवली खात्यात जमा होऊन तिथेच पडून राहतो. तुम्ही शिकत होता त्या वर्षांत बाबांनी तिथून उचल केली होती, की कापसाचे पैसे उलट तिकडे घातले होते, हे ताळेबंद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. 14 एकर कधी घेतले हेही बघा. शेतकऱ्याने जमीन घेतली की पुढची दोन-चार वर्षे त्याच्या खिशात नोट टिकत नाही. म्हणून "का दिले नाही" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी "काय आहे आणि त्यावर काय देणे आहे" हे विचारा.

बाबांनी सांगितले का नाही, याची कारणे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. आपल्याकडे जूनमध्ये बियाण्यासाठी, मार्चमध्ये जुने कर्ज फेडून नवे उचलण्यासाठी आणि लग्नसराईत आंदणासाठी, ज्याच्याकडे पैसा आहे असे कळते त्याच्या ओसरीवर माणसे येऊन बसतात. नाही म्हटले की पिढीभराचा अबोला, हो म्हटले की पैसा गेला. कोरडवाहू शेतीत एक वर्ष पाऊस फिरला की तीन वर्षांची शिल्लक संपते, हे पाहिलेला माणूस आपली शिल्लक बोलून दाखवत नाही. लग्नानंतर सातजण येऊन गेले, हे तुम्हीच लिहिले आहे. बाबांना ते 27 वर्षे नको होते.

तरीही बाबांचे सगळे बरोबरच होते असे म्हणवत नाही. बाहेरच्यांपासून लपवणे समजू शकते. घरात कुणालाच माहीत नसणे धोक्याचे आहे. आणि खरेच कुणाला माहीत नव्हते का? पत्रात आईच्या ऑपरेशनचा उल्लेख आहे, आईचे म्हणणे मात्र कुठेच नाही. तिला विचारा. खूप घरांत बाईला पैन् पै ठाऊक असते, योजनेतून ऑपरेशन करायचे हेही कधी तिनेच ठरवलेले असते, आणि तरी एकाही कागदावर तिचे नाव नसते. तिला ठाऊक असेल तर तुमची निम्मी तक्रार दुसऱ्या वळणाला लागेल. तिलाही अंधारात ठेवले असेल, तर बाबांशी आधी बोलायचा हक्क तिचा आहे, तुमचा त्यानंतर.

आता तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्यात तातडीचा आहे असा मुद्दा. मांडवात सगळ्यांना बाबांची ताकद दिसली. भागीदारीची दुसरी बाजू कुणाला दिसली नाही. भागीदारी संस्थेत प्रत्येक भागीदार संस्थेच्या सगळ्या देण्याला जबाबदार असतो, फक्त आपल्या 30 टक्क्यांपुरता नाही. जिनिंग बुडाली आणि बँकेची वसुली तिथल्या मालातून झाली नाही, तर बँक बाबांच्या घरावर आणि शेतावर येऊ शकते. कारखान्यात रोज न जाणारा, नुसता भांडवल घातलेला भागीदारही यातून सुटत नाही. मालक पाया पडतात ही चांगली गोष्ट आहे, पण बँक माणुसकी बघून वसुली थांबवत नाही. (संस्था मर्यादित जबाबदारीची असेल, म्हणजे नावापुढे एलएलपी असेल, तर हिशेब वेगळा. तेही बघून घ्या.)

त्यामुळे पहिला कागद भागीदारीपत्र. 1998 चे मूळ आणि त्यानंतर झालेली प्रत्येक पुरवणी मागा. त्यात एकूण भागीदार किती आहेत ते बघा. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. दोघेच भागीदार असतील तर ती चालू ठेवायला मागे भागीदारीच उरत नाही. वारसांना आपोआप भागीदार होता येत नाही. त्यांना हिशेब आणि बाबांच्या हिश्शाची रक्कम मागता येते. राहिलेल्या भागीदारांनी हिशेब न चुकवता धंदा चालूच ठेवला, आणि करारात निराळे काही नसेल, तर वारसांना त्या काळातल्या नफ्यातला वाटा किंवा हिश्शाच्या रकमेवर सहा टक्के व्याज मागता येते. 1932 च्या भागीदारी कायद्यात तशी तरतूद आहे. हे माहीत नसल्यामुळे किती घरांनी मालक देतील ते हातात घेऊन मान डोलावली असेल.

करारात मृत्यूनंतरचे कलम आहे का, हिश्शाचे मूल्य कसे ठरवायचे (पुस्तकी किमतीने की बाजारभावाने), पैसे किती दिवसांत द्यायचे, हे शोधा. नसेल तर बाबा आणि मालक दोघे समोर असताना पुरवणी करार करून घ्या. जिनिंगची जागा आणि यंत्रे जुनी असतील तर पुस्तकी किंमत घसारा लागून फार खाली आलेली असते, आणि जागेची किंमत मात्र कित्येक पटीने वाढलेली असते. या एका कलमावर लाखांचा फरक पडतो. संस्था नोंदणीकृत आहे का, हे नागपूरच्या भागीदारी संस्था निबंधक कार्यालयात कळेल. नोंदणी नसलेल्या संस्थेत चालू काळात भागीदाराला आपले हक्क कोर्टातून वसूल करणे जवळपास अशक्य होते. मग मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद घ्या आणि भांडवली खात्याच्या पानावर बाबांच्या नावापुढची शिल्लक, वर्षभरातील उचल आणि जमा बघा. शेवटी बँकेचे मंजुरीपत्र. त्यात जामीनदार म्हणून कोणाची नावे आहेत आणि तारण काय दिले आहे हे स्पष्ट लिहिलेले असते.

तारणाची दुसरी खूण घरातच सापडते. दोन्ही शेतांचे सातबारे काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. सोबत 8-अ काढला की त्या गावातील बाबांच्या नावची सगळी जमीन एका कागदावर दिसते. प्रत्येक गावाचा 8-अ वेगळा असतो हे विसरू नका. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का बघा. मग घरातल्या पेटीत 14 एकरांचे मूळ खरेदीखत आहे का ते बघा. मूळ खत घरात नसेल आणि नुसती झेरॉक्स असेल, तर ते कुठे ठेवले आहे हे बाबांना विचारा. ते बहुधा बँकेत असते.

एक छोटी पण झोंबणारी गोष्ट. बाबांना जिनिंगकडून फक्त नफ्याचा वाटा मिळत असेल तर त्यावर त्यांना वेगळा आयकर नाही, तो संस्थेने भरलेला असतो. पण मोबदला किंवा भांडवलावर व्याज मिळत असेल तर ते करपात्र. आयकर भरणाऱ्याला पीएम किसानचे वर्षाचे 6 हजार घेता येत नाहीत, आणि घेतले असतील तर वसुली निघते. बाबांचे विवरणपत्र भरले जाते का आणि खात्यात हे हप्ते येतात का, दोन्ही ताडून बघा. चुकून घेतले असतील तर पोर्टलवरून लाभ सोडून रक्कम परत करता येते. मांडवात नाव झाल्यावर गावातला कोणीतरी तक्रार करणारच. त्याच्या आधी आपण करावे.

वाटणी मागावी का? 14 एकर आणि जिनिंगचा हिस्सा बाबांनी स्वतःच्या कमाईतून उभा केला असेल, तर त्यांच्या हयातीत तुमचा त्यात काहीही हक्क नाही. ते विकू शकतात, दान करू शकतात, कुणालाही लिहून देऊ शकतात. 9 एकरांचे वेगळे. तिथे जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढून बघा की जमीन आजोबांकडून बाबांकडे कशी आली: वारसाने, वाटणीने की मृत्युपत्राने. आजोबांचे म्हणजे आपोआप वडिलोपार्जित, हा समज गावोगाव आहे आणि तो अर्धवट आहे. आजोबांची जमीन त्यांच्या स्वतःच्या कमाईची असेल आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाबांना वारसाने आली असेल, तर ती साधारणपणे बाबांची स्वतःची धरली जाते. जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित निघाली, तर तुमच्याइतकाच हक्क बहिणीचा. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाच्या बरोबरीने बसवले आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात, बाप 2005 मध्ये हयात असो वा नसो, हा हक्क आहे असे स्पष्ट केले.

चुलते म्हणतात ती हक्कसोड म्हणूनच इतकी घाईची वाटते. लग्न लावून देणे म्हणजे वाटा देणे, हा हिशेब कायद्यात कुठे नाही, आणि तुमच्या मनातही तो बसू देऊ नका. लग्नात 5 लाखांपुढे बाबा वाकले नाहीत ते मुलीची किंमत होऊ नये म्हणून. दोन महिन्यांत तिच्याच भावाने तिची सही मागायला जाणे बाबांना कसे वाटेल याचा विचार करा. नोंदणी न केलेले हक्कसोडपत्र टिकत नाही. तलाठ्यापुढे लिहून दिलेला संमतीचा कागद किंवा नुसती मुद्रांकावरची सही पुढे फक्त भांडण लावते. बहिणीला स्वतःहून काही सोडायचे असेल तर ती पाच-दहा वर्षांनी, सासरी पाय रोवल्यावर, सगळे आकडे बघून ठरवेल. आज तिच्या हातात सासरी उभे राहायला जे बळ आहे, त्यात माहेरचा हक्क मोठा आहे.

बाबांना स्वतः व्यवस्था करून ठेवायची असेल तर मृत्युपत्र हा सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित मार्ग. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदार लागतात, आणि बाबांनी सही किंवा अंगठा केलेला दोघांनीही पाहिलेला असावा. साक्षीदार वयाने बाबांपेक्षा लहान, गावातलेच आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळत नाही असे घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, कारण शंका घेणाऱ्याचे तोंड तिथेच अर्धे बंद होते. त्याच दिवशीचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडा. गट क्रमांक, क्षेत्र, बँक खाती, सोसायटीचे भाग, भागीदारीतील हिस्सा, सगळे नावानिशी लिहा. "माझी सर्व मालमत्ता" एवढेच लिहिले की जे कुणाला माहीत नाही ते राहूनच जाते. आणि प्रत्येक खात्यावर, ठेवीवर, विम्यावर नामनिर्देशन करून घ्या. नॉमिनी हा मालक नसतो, बँकेतून पैसा काढून वारसांपर्यंत पोचवणारा असतो. पण ते नाव नसले की वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या खेपा सुरू होतात.

जिवंतपणी सगळे मुलांच्या नावे करून देऊ नका, हे बाबांना सांगायला आम्ही कचरणार नाही, तुम्ही हे वाचत असलात तरी. थोडे द्यायचेच असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्यावे. मुलामुलींना शेतजमीन आणि राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. त्या दस्तातच सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट न लिहिता दिले तर ही वाट फार अवघड होते.

आईचे नाव. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा विदर्भातल्या कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला होता. पुढे 1992 मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना आणली. नवऱ्याने तलाठ्याकडे किंवा तहसीलला अर्ज केला की पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर चढते. 14 एकरांवर हे करायला बाबांना कोणाचीही संमती लागत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घरालाही तिचे नाव लावून घ्या. वाटणीचा विषय काढण्यापूर्वी तुम्ही हा विषय काढलात, तर बाबांना तुमचा हेतू न सांगता कळेल.

आता बहिणीचे सासर. "मागणी मिटली" असे तुम्ही लिहिता. ती मिटलेली नाही, थबकली आहे. काका गप्प बसले ते शरमेने नव्हे. कापूस ज्या काट्यावर घालायचा, त्या काट्याचा मालक समोर निघाला म्हणून. व्याह्यांनी धरलेला हात जिनिंगच्या भागीदाराचा होता. असा मान कापसाच्या भावासारखा चढतो आणि उतरतो. उद्या जिनिंग अडचणीत आली, बाबांनी हिस्सा काढून घेतला, किंवा काकांनी दुसरी जिनिंग धरली, तर बहीण पुन्हा "पाच लाख न आणलेली" होऊ शकते. तिची त्या घरातली जागा बाबांच्या दबदब्यावर उभी राहू देऊ नका.

लग्नाआधी पैसे मागणे हाच 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. देणे-घेणे झाले तर किमान पाच वर्षे. आज लगेच तक्रार करा असे आम्ही म्हणत नाही, तो निर्णय बहिणीचा. पण त्या दिवशी काय मागितले, कोणी ऐकले, हे तारीख घालून आजच लिहून ठेवा. लग्नातल्या वस्तूंची यादी केली नसेल तर अजून करता येते: दागिन्याचे वजन ग्रॅममध्ये, हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक, भांडी, कपाट, गाडी, कोणी दिले, अंदाजे किंमत. दोन प्रती, दोन्हीकडच्या सह्या, फोटो. 1985 चे नियमच अशी यादी सांगतात, त्यामुळे यात कुणावर अविश्वास दाखवल्याचे कारण नाही. दागिने तिच्या एकटीच्या किंवा तिच्या नावाच्या लॉकरमध्ये. तिचे बँक खाते तिच्या मोबाइल नंबरला जोडलेले. आणि तिला 181 हा महिला मदत क्रमांक पाठ असू द्या.

जामिनाला सरळ नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, मग आपल्याकडे येईल, असा क्रम कायद्यात नाही. बाबा जिनिंगच्या कर्जाला आधीच जामीन असतील तर दुसरा जामीन म्हणजे एका गाईला दोन दावी. नाही म्हणताना बाबांनी कारण बँकेचे द्यावे, नात्याचे नको: "जिनिंगच्या कर्जात माझी सही आहे, बँक दुसरी सही करू देत नाही." सही खरेच असेल तरच, आणि बँकेला विचारूनच हे बोलावे. जावयाला जिनिंगमध्ये घेण्याबद्दल: नोकरी द्यायची तर मालकांना लायकीवर ठरवू द्या, पगार बँकेतून, रोखीचा किंवा काट्याचा कारभार पहिली दोन वर्षे नाही. भागीदारी तर मुळीच नको, कारण नवा भागीदार घ्यायला बाकी सगळ्यांची संमती लागते आणि घरचे भांडण तिथे धंद्यात शिरते. बाबांना मुलीसाठी करायचेच असेल तर तिच्या एकटीच्या नावे ठेव करावी किंवा जमिनीचा तुकडा तिला बक्षीस द्यावा. जावयाच्या हातात दिलेला पैसा मुलीला बळ देईलच असे नाही.

उसने मागणाऱ्यांसाठी तुम्हाला एकच वाक्य पुरे: "बाबांचा व्यवहार बाबाच बघतात, माझ्या हातात काही नाही." ते खरेही आहे. बाबांनी द्यायचे ठरवले तर वर्षाची एक रक्कम आधी ठरवावी, तेवढी संपली की संपली. 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देऊ नये, खात्यातूनच द्यावी. वचनचिठ्ठी लिहून रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घ्यावी. अशा उसन्या पैशाची वसुली मागायची मुदत तीन वर्षे. ती संपण्याआधी थोडी परतफेड किंवा लेखी कबुली घेतली तर मुदत नव्याने सुरू होते. व्याज घेऊ नये आणि बदल्यात शेताचे खरेदीखत तर कधीच लिहून घेऊ नये. 2014 च्या सावकारी कायद्यात परवाना नसताना व्याजाने पैसे फिरवणे गुन्हा आहे, आणि कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत द्यावी लागते. जो माणूस सावकारीच्या फासाला घाबरून आयुष्यभर काटकसर करत आला, त्याच्याच नावापुढे नात्यागोत्याच्या भिडेपोटी सावकार हा शब्द लागू नये.

कधी बोलायचे? आत्ता पेरणीच्या धांदलीत नको. पेरण्या आटोपून डवरणीला (पिकातल्या आंतरमशागतीला) सुरुवात व्हायच्या मधल्या आठ-दहा दिवसांत बसा. तेव्हा जिनिंग बंद असते, 31 मार्चचा ताळेबंद तयार असतो किंवा होत आलेला असतो, मालकांनाही वेळ असतो. चुलत्यांना बोलवू नका. आई हवीच. बहिणीला फोन लावून आवाज मोठा ठेवा, म्हणजे तिच्यामागे काही ठरले असे उद्या कुणी म्हणणार नाही. शैक्षणिक कर्जाची गोष्ट त्या दिवशी तुम्ही काढू नका. आकडे समोर आल्यावर बाबा स्वतः काढतील असे वाटते, आणि नाही काढली तर पुढच्या बैठकीत तुम्ही शांतपणे विचारा. एक कोरी वही सोबत न्या. डावीकडे काय आहे, उजवीकडे काय देणे आहे. सांगायचे बाबांनी, लिहायचे तुम्ही, आणि पानाच्या शेवटी तारीख टाकून आईची सही घ्या.